किनाऱ्यावरच्या जुन्या गाडीचे कॅलिपर : काय करावे, काय टाळावे

किहीमपासून श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यात जुनी गाडी धावून खराब होत नाही, उभी राहून होते. सोमवार ते शुक्रवार बंगल्याच्या शेडमध्ये, पावसाळ्याचे चारही महिने दमट हवेत, खाऱ्या वाऱ्याच्या तोंडाशी. पत्र्याचा गंज दिसतो म्हणून त्याची काळजी घेतली जाते. कॅलिपर चाकाआड असतो. बिडाचे अंग, पोलादी पिस्टन, रबरी सील आणि हवेतले पाणी ओढून घेणारे तेल, एवढे सगळे एका मुठीएवढ्या जागेत एकत्र नांदते. त्यात मीठ आले की बाकीचे आपोआप घडते.

कॅलिपर नवा करायला घेणारे बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात. क्रम उलटा हवा. आधी सीलची खाच, मग पिस्टन, मग रबर, मग तेल, आणि वेळ उरला तर रंग. पुढची यादी काम हाती येईल तशी मांडली आहे; महत्त्व मात्र याच क्रमाने धरावे.

पाना उचलण्याआधी

करावे : चाक काढून गाडीला कॅलिपर आहे का, हे आधी बघावे. हसण्यावारी नेऊ नका. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी ही आपल्याकडची सर्वांत लाडकी जुनी गाडी, पण तिच्या चारही चाकांना ड्रम आहेत. तिथे कॅलिपर नाही, व्हील सिलिंडर आहे. त्याच कंपनीच्या 1985च्या 118 एनईला पुढे डिस्क मिळाली. मारुतीच्या जिप्सीलाही पुढे डिस्क, मागे ड्रम. मर्सिडीजच्या डब्ल्यू 123ला चारही चाकांना डिस्क, आणि 1995पासून पिंपरीत जुळू लागलेल्या डब्ल्यू 124लाही. काँटेसाच्या बाबतीत मॉडेल आणि वर्ष पाहूनच बोलावे. पद्मिनीवाल्यांनीही पुढे वाचावे. निम्मे नियम त्यांनाही लागू आहेत, आणि एक नियम बरोबर उलटा लागू आहे.

करावे : चाक धरून ठेवत असेल तर दोष कॅलिपरचाच आहे याची खात्री करावी. गाडी जॅकवर घेऊन स्टँडवर टेकवावी, ब्रेक दाबून सोडावा, चाक फिरवून बघावे. अडकले असेल तर त्या चाकाचे हवा काढायचे निपल अर्धा आटा सैल करावे. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर पिस्टन निर्दोष आहे. दाब वरच अडकून बसला आहे. बहुतेक वेळा गुन्हेगार रबरी होज असतो. तो बाहेरून ठीक दिसतो, पण आतून फुगून बंद होतो. पायाच्या जोराने तेल पुढे जाते, परत मात्र येत नाही. निपल उघडूनही चाक घट्टच राहिले, तर मग कॅलिपर उतरवावा.

टाळावे : एकाच बाजूचा कॅलिपर करणे. डावा नवा आणि उजवा तसाच ठेवला तर ब्रेक दाबताना गाडी एका अंगाला ओढते. पावसात कार्ले खिंडीच्या उतारावर हे कळणे महागात पडते.

करावे : रबर किट हातात आल्यावरच गाडी उघडावी. एकाच मॉडेलवर दोन-तीन कंपन्यांचे कॅलिपर बसवलेले असू शकतात. डब्ल्यू 123वर आटे, गर्लिंग, बेंडिक्स यांपैकी कोणाचाही निघेल, आणि एकाचे किट दुसऱ्याला होत नाही. बिडावर ओतलेले नाव वाचावे, पिस्टनचा व्यास व्हर्नियरने मोजावा, मग मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअर बाजारात किंवा पुण्यात नाना पेठेत जावे. तरीही जुने सील हाती येईपर्यंत नव्याची खात्री धरू नये; सोबत नेऊन जाडी आणि रुंदी ताडून घ्यावी.

टाळावे : ‘जुने सील अजून मऊ आहे’ म्हणून तेच परत बसवणे. किटच्या किमतीचा विचार करत बसू नये.

टाळावे : पद्मिनीला डिस्क लावण्याची घाई. नुसते मारुतीचे कॅलिपर बसवून काम होत नाही. ड्रमसाठीच्या अनेक जुन्या मास्टर सिलिंडरांत थोडा दाब लाइनमध्ये धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. ड्रमच्या शूला मागे खेचायला स्प्रिंग असते म्हणून तो दाब चालतो. डिस्कला तशी स्प्रिंग नाही. तेवढ्या दाबाने पॅड सतत घासत राहतात आणि पहिल्या घाटातच वास सुटतो.

उतरवताना

करावे : निपल आणि होजची जोडणी, दोन्ही कॅलिपर गाडीवर घट्ट असतानाच सैल करावे. व्हाइसमध्ये धरून तीच गोष्ट करताना निपल तुटते. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, आणि सहा पैलूंचा सॉकेट किंवा बंद तोंडाचा रिंग पाना घ्यावा. उघड्या तोंडाच्या पान्याने किनाऱ्यावरचे निपल गोल झाले नाही, असे क्वचितच.

करावे : डावा-उजवा अशी खूण कोरून ठेवावी आणि मोबाइलवर फोटो काढावेत. बाजू बदलली तरी कॅलिपर बऱ्याचदा बसतो, हीच अडचण आहे. मग निपल वर असायचे ते खाली येते, आणि कितीही पंप केले तरी वरची हवा निघत नाही.

करावे : पिस्टन गाडीच्याच ब्रेकने बाहेर ढकलावेत. पॅड काढून, मध्ये लाकडी फळी ठेवून, सावकाश पेडल दाबावे. तेलाच्या दाबाने पिस्टन हळू येतो. समोरासमोर दोन पिस्टन असतील तर आधी सुटणाऱ्याला क्लॅम्पने थोपवावे, नाहीतर एक बाहेर पडून दुसरा आतच राहतो.

टाळावे : पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची नळी थेट लावणे. हवा वापरायचीच तर 2 ते 3 बार पुरे. मध्ये लाकूड, वर जाड फडके, आणि बोटे लांब. सुटलेला पिस्टन बोट तोडू शकतो, ही अतिशयोक्ती नाही.

टाळावे : दोन भाग बोल्टने जोडलेला कॅलिपर उगाच फोडणे. मध्ये छोटी रबरी कडी असते, ती मिळणार नसेल आणि बोल्ट किती ताणायचे हे ठाऊक नसेल, तर जोड तसाच ठेवून आतून साफ करता येतो.

टाळावे : पॅडची भुकटी हवेने उडवणे. त्या काळच्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावे. ओल्या फडक्याने पुसावे, फडके पिशवीत बांधून टाकावे.

खाच आणि पिस्टन

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे खेचणारे वेगळे काही नसते. कॅलिपरच्या भोकात एक खाच असते, तिच्यात चौकोनी छेदाची रबरी कडी बसते. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि कडीला जरा वाकवतो. पाय उचलला की कडी पुन्हा सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. पॅड आणि डिस्कमधली फट तेवढीच. आता या खाचेत गंज भरला, की कडीला मागे जागा उरत नाही. ती पिस्टनवर आवळून बसते आणि वाकायचे विसरते. नवे सील, नवा पिस्टन, सगळे नवे घालूनही चाक गरम होते ते यामुळे. ‘किट बदलले तरी जाम’ या तक्रारीच्या मागे बहुधा न खरवडलेली खाच असते.

करावे : खाच दिव्याखाली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, चमक दिसेपर्यंत साफ करावी. टोक वाकवलेली पितळी तार, बांबूची कामटी, बारीक पितळी ब्रश चालेल. धूळ थोपवणाऱ्या बुटाची बाहेरची खाचही विसरू नये. खारे पाणी आधी तिथेच शिरते. एका कॅलिपरला तासभर लागला तर काम नीट चालले आहे असे समजावे.

टाळावे : खाचेत टोकदार स्क्रूड्रायव्हर किंवा पोलादी बिट फिरवणे. ओरखडा पडला की तेल त्याच वाटेने बाहेर येते.

करावे : पिस्टन नखाने तपासावा. सील पिस्टनच्या अंगावर सरकते, म्हणून पिस्टनचा पृष्ठभाग निष्कलंक हवा. क्रोम फुगले असेल, खड्ड्यात नख अडकत असेल, तर तो बाद. पॉलिश पेपरने खड्डा जात नाही, आजूबाजूचे क्रोम मात्र जाते.

आता तो उलटा नियम. कॅलिपरच्या भोकाची भिंत थोडी काळवंडलेली किंवा बारीक टिपक्यांची असली तरी चालून जाते, कारण तेल तिथे अडवले जात नाही. पद्मिनीच्या व्हील सिलिंडरमध्ये रबरी कप पिस्टनबरोबर सरकतो आणि भिंतीवर घासतो. तिथे भिंतीतला खड्डा म्हणजे गळती. कॅलिपरवाल्याने पिस्टन बघावा, ड्रमवाल्याने भिंत. व्हील सिलिंडर होन करून खड्डा गेला नाही तर बदलावा. कितीही होन केले तरी चालते हा समज गॅरेजात फार पसरलेला आहे.

करावे : पिस्टन मिळत नसेल तर लेथवर स्टेनलेस स्टीलचा करून घ्यावा. खाऱ्या हवेत तो क्रोमपेक्षा जास्त टिकतो. फक्त नमुना म्हणून झिजलेला पिस्टन देऊ नये. न झिजलेल्या भागाचे माप मायक्रोमीटरने घेऊन कागदावर लिहून द्यावे. पुढची कड, बुटाची खाच, पॅडच्या बाजूची पायरी, सगळे तसेच हवे. आटेच्या बऱ्याच पिस्टनना चेहऱ्यावर एक उंच भाग असतो आणि तो 20 अंशांच्या ठरावीक कोनात बसवायचा असतो. कोन चुकला तर ब्रेक किंचाळतात, आणि मग लोक पॅडला शिव्या देतात.

टाळावे : बंपर चकचकीत करणाऱ्याकडे पिस्टन पाठवणे. शोभेचे क्रोम पातळ असते. पिस्टनला हार्ड क्रोम लागते आणि त्यानंतर ग्राइंडिंग.

सफाई

करावे : ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. शेवटचा हात ताज्या ब्रेक ऑइलने.

टाळावे : पेट्रोल, रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल. या रबराला खनिज तेलाचे वावडे आहे. खाचेत एक थेंब राहिला तरी सील फुगते. रॉकेलच्या घमेल्यात सगळे बुडवायची आपली जुनी गॅरेजची सवय गिअरबॉक्सला शोभते, ब्रेकला नाही.

टाळावे : समुद्रावरच्या वाळूने ब्लास्टिंग. वाळू फुकट आहे आणि नागावला पाय टाकला की मिळते, म्हणून हा मोह होतो. तिच्यात मीठ असते. ते बिडाच्या बारीक छिद्रांत ठोकले जाते आणि रंगाखालून गंज वर येतो. शिवाय कोरड्या वाळूच्या धुळीने सिलिकोसिस होतो, आणि तो त्या कामगाराला होतो, गाडीच्या मालकाला नव्हे. ग्लास बीड किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड वापरणारा कारखानाच शोधावा.

करावे : ब्लास्टिंगला देताना जुना पिस्टन आणि जुने सील भोकात घालून, तेलाची भोके जुन्या बोल्टने बंद करून द्यावीत. तेलाच्या आडव्या वाटेत गेलेला एक दाणासुद्धा नवे सील कापायला पुरतो.

टाळावे : विहिरीच्या पाण्याने शेवटची धुणी. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. नळाचे गोडे पाणी किंवा बाटलीतले डिस्टिल्ड पाणी घ्यावे आणि लगेच गरम हवेने वाळवावे. उघडे बीड दमट हवेत बघता बघता केशरी होते. सकाळी साफ केलेले दुपारी जेवणानंतर रंगवू म्हटले तर पुन्हा ब्रश घ्यावा लागतो. म्हणून हे काम डिसेंबर ते फेब्रुवारी.

रंग आणि मुलामा

करावे : मूळ रूप शोधून तेच ठेवावे. बऱ्याच कॅलिपरवर कारखान्यातून पिवळसर पॅसिव्हेशनचा झिंक मुलामा असे. काहींवर काही नसे. किनाऱ्यावर झिंक प्लेटिंग हाच शहाणपणाचा मार्ग आहे, कारण ओरखडा पडला तरी आधी झिंक झिजते, बीड नंतर. त्यावर उष्णता सोसणाऱ्या कॅलिपर रंगाचे दोन पातळ हात दिले तर आणखी बरे.

टाळावे : जास्त ताणाचे जुने बोल्ट साध्या प्लेटिंगवाल्याकडे देणे. मुलाम्याच्या आम्लात हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कठीण बोल्ट ठिसूळ होतो. कॅलिपर गाडीला धरणारे बोल्ट नवेच घ्यावेत.

टाळावे : पॅड सरकतात त्या कडा, गाडीला टेकणारा सपाट भाग, होजची बैठक आणि निपलची बैठक रंगवणे. कडांवर रंग साचला की पॅड अडकतो. टेकण्याच्या जागी रंग दबला की बोल्टचा ताण उतरतो. पावडर कोटिंगचा थर जाड असतो, त्यामुळे तिथे हे आणखी जपावे. भट्टी 180 ते 200 अंशांची असते, म्हणजे आत रबर विसरून चालणार नाही.

लाल रंगाबद्दल. लावा. पण 118 एनईच्या पोलादी चाकाआड तो कोणाला दिसणार आहे? आणि गाडी पन्नाशीची झाल्यावर 2021च्या नियमांखाली ‘व्हीए’ क्रमांकाची व्हिंटेज नोंदणी करायचा विचार असेल, तर मूळपणाला तिथे मोल आहे. 1985ची गाडी 2035 साली त्या वयात येईल. तोवर पेणच्या आरटीओत दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवताना ब्रेक लागतो का हे बघितले जाते, रंग नव्हे.

जोडणी

करावे : हात धुऊन, स्वच्छ टेबलावर. सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये किंवा ब्रेकच्या लाल रबर ग्रीसमध्ये भिजवून खाचेत बसवावे, पीळ पडला नाही ना हे बोट फिरवून पाहावे. पिस्टन अंगठ्याच्या जोराने सरळ आत गेला पाहिजे.

टाळावे : हातोडा. पिस्टन जात नसेल तर खाच साफ नाही, सील वळले आहे किंवा माप चुकले आहे. तिन्हींवर हातोडा हा उपाय नाही.

करावे : जिप्सीसारख्या सरकत्या कॅलिपरमध्ये पिनांना सिलिकोन ग्रीस द्यावे आणि त्यांचे बूट बदलावेत. पिस्टन उत्तम आणि पिन जाम असेल तर एकच पॅड झिजतो. झिजलेले पॅड शेजारी ठेवून पाहिले की लगेच कळते.

करावे : तांब्याचे वायसर नवे, होज नवे. होज जुना ठेवून कॅलिपर नवा करणे म्हणजे अर्धे काम.

तेल

करावे : गाडीच्या पुस्तकात असेल ते, बहुतेक ठिकाणी डॉट 3 किंवा डॉट 4. ताजे डॉट 4 निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. साधारण पावणेचार टक्के पाणी मुरले की ही मर्यादा 155वर येते. डॉट 3 याच प्रवासात 205वरून 140वर. ताम्हिणी घाट उतरताना तेल उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला लागते. इतरत्र दोन वर्षांनी तेल बदलतात. किनाऱ्यावर दरवर्षी, पावसाळा सरल्यावर बदलावे.

टाळावे : गेल्या वर्षीचा अर्धा डबा. तो फडताळात बसून पाणी पीत होता. सिलिकोनचे डॉट 5 यात मिसळू नये, डॉट 5.1 हे नाव जवळचे, पण जात वेगळी.

टाळावे : हवा काढताना जुन्या मास्टर सिलिंडरचे पेडल तळापर्यंत दाबणे. एरवी सील तिथे जात नसते, त्या भागात गंज असतो, आणि सील फाटते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा.

टाळावे : निघालेले तेल नाल्यात किंवा खाडीत ओतणे. रंगावर सांडले तर चोळू नये, भरपूर पाण्याने धुवावे. ते रंग खाते.

पहिली फेरी, आणि उभी गाडी

करावे : गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करावे. मग अंगणातच ब्रेक बघावा. नवे पॅड बसवायला आठवड्यातल्या दिवशी पहाटेचा रेवदंडा रस्ता बरा. 50च्या वेगावरून 15पर्यंत, पुन्हा पुन्हा, पूर्ण न थांबता, मध्ये डिस्क गार होऊ देत. परतल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन उष्णता ताडावी. एक चाक फार गरम लागले तर यादी वरून पुन्हा वाचावी.

टाळावे : वाळूत चाचणी. काशीद असो वा नागाव, पुळणीवर गाडी नेऊ नये. ओल्या वाळूतले मीठ बुटाच्या घडीत बसते आणि तुमची मेहनत तिथून पोखरायला घेते.

करावे : मार्च 2020पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडी बोटीतून येऊ लागली, ही सोय मोठी आहे. पण उतरल्यावर घरी पोचताच चाकांच्या आत गोडे पाणी मारावे, नंतर थोडे फिरून चार-पाचदा ब्रेक दाबून डिस्क सुकवावी, मगच शेडमध्ये घ्यावी. बुटांवर जोराचा जेट मारू नये.

टाळावे : हँडब्रेक ओढून गाडी महिनाभर ठेवणे. गिअरमध्ये ठेवावी, चाकांना ठोकळे लावावेत. प्लॅस्टिकचे आच्छादन टाळावे, सुती घ्यावे.

करावे : बंगल्याच्या रखवालदाराला गाडी येत असेल तर आठवड्यातून एकदा फाटकापर्यंत पुढे-मागे घेऊन दहा वेळा ब्रेक दाबायला सांगावे. जागेवर इंजिन सुरू करून दहा मिनिटे घुरघुरत ठेवणे मात्र टाळावे. त्याने कॅलिपरमधला पिस्टन जागचा हलत नाही.